दोन रो हाऊस मिळून एक घर, वायफाय मात्र फक्त हॉलपुरतं. काय करावं?

नेरुळचा_पक्या

नमस्कार मंडळी. आमचं नेरुळला सिडकोचं रो हाऊस आहे, नंतर शेजारचंही विकायला निघालं तेव्हा घेतलं आणि मधली भिंत फोडून दार काढलं, म्हणजे आता तळमजला, पहिला मजला आणि वर गच्चीवर एक खोली, असं सगळं डबल. माणसं पण तशीच, आईबाबा, आम्ही, भाऊ-वहिनी, पोरं.

नेटची फायबर येते रस्त्याकडच्या हॉलमध्ये दारामागे. कंपनीचा माणूस आला तेव्हा घरात बाबा एकटेच, त्याने विचारलं कुठे लावू, बाबा म्हणाले लाव तिथेच कोपऱ्यात, दिसायला नको. त्यामुळे ती डबी (राउटर) आता चपलांच्या रॅकच्या वर, मीटरच्या पेटीला चिकटून. हॉलमध्ये एकदम टकाटक चालतं. पण पलीकडच्या घरात पहिल्या मजल्यावर मागच्या खोलीत बायको घरून काम करते तिथे मीटिंगमध्ये "तुमचा आवाज तुटतोय" हे वाक्य रोजचं, गच्चीवरच्या खोलीत पुतण्याचे क्लासेस अडकतात, आणि मागच्या स्वयंपाकघरात तर मोबाईलची रेंजही धड नाही त्यामुळे आईला गॅसवाल्याचा ओटीपी घ्यायला अंगणात जावं लागतं.

प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे. कंपनीला फोन केला तर म्हणे मोठा प्लॅन घ्या. दुकानदाराने भावाच्या गळ्यात एक रिपीटर (सिग्नल ऐकून पुढे पाठवणारी डबी) मारला, तो लावल्यापासून मोबाईलवर दांड्या सगळ्या फुल दिसतात पण पान काही उघडत नाही, हे काय गौडबंगाल आहे? मेश (एकाच नावाने मिळून चालणाऱ्या वायफायच्या दोन-तीन डब्या) घ्यावं का? का वायर टाकावी? फोडाफोड नको असं घरच्यांचं म्हणणं, नुकताच रंग काढलाय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चहाबिस्किट

जागा धरून ठेवतो, आमच्याकडे पण सेम रडगाणं.

खटपट्या

पक्याभाऊ, आधी प्लॅनचं सांगतो. वाढवू नका. २०० चे ५०० केलेत तरी मागच्या खोलीपर्यंत जे पोचतच नाही ते पोचणार नाहीये, बिल तेवढं वाढेल. नेट घरापर्यंत येणं वेगळं आणि घरात पसरणं वेगळं, कस्टमर केअरला या दोन्हीतला फरक कळत नाही किंवा कळून वळत नाही.

आता कुठलंही सामान विकत घ्यायच्या आधी मोबाईलमध्ये एखादं वायफाय ॲनालायझर ॲप टाका (अँड्रॉइडवर फुकट मिळतात) आणि घरभर फिरून प्रत्येक खोलीतला आकडा लिहा. आकडा उणे असतो, डीबीएममध्ये. उणे ५० म्हणजे झकास, उणे ६७ च्या आसपासपर्यंत व्हिडिओ कॉल नीट होतो, उणे ७५ च्या पुढे रडारड आणि उणे ८५ ला फक्त नाव दिसतं. दर ३ ने आकडा खाली गेला की ताकद निम्मी, १० ने गेला की दहावा हिस्सा, त्यामुळे ७० आणि ८० मध्ये काय एवढा फरक असं समजू नका. वायफायचे दोन बँड असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, दोन्हीचे वेगवेगळे लिहा. २.४ भिंतीतून बरं जातं पण गर्दी फार, ५ चा वेग जास्त पण दोन भिंती आल्या की मान टाकतं.

पनवेल_पॅसेंजर

कसलं वायफाय घेऊन बसलात, सहा माणसं एका हॉलमध्ये बसत असतील तर चांगलंच आहे की. घरच्यांशी बोला जरा.

नेरुळचा_पक्या

@पनवेल_पॅसेंजर बायकोच्या मॅनेजरला हे तुम्ही समजवाल का प्लीज 😀

@खटपट्या फिरलो घरभर, पोरं हसत होती. हॉल उणे ४२. हॉलच्या बरोब्बर वरची खोली ५ वर उणे ७१, हे मला झेपलं नाही कारण अंतर म्हणाल तर एक स्लॅब फक्त. पलीकडच्या घरात तळमजल्यावर २.४ उणे ७४. बायकोची खोली २.४ उणे ८१ आणि ५ दिसतच नाही. गच्चीची खोली ८४. रिपीटर बायकोच्याच खोलीत लावलाय, त्याच्या शेजारी उभं राहिलं की उणे ४०, पण स्पीड ६-७ च्या वर जात नाही.

खटपट्या

गौडबंगाल सुटलं. मोबाईल दाखवतोय तो रिपीटर आणि मोबाईल यांच्यातला सिग्नल, तो मस्तच असणार, हातभर अंतर आहे. पण रिपीटर स्वतः राउटरला ८१ वर ऐकतोय, त्यालाच धड काही ऐकू येत नाही तर तो पुढे काय सांगणार. वर स्वस्त रिपीटरमध्ये ऐकायला आणि बोलायला एकच रेडिओ, त्यामुळे जे काय येतं तेही अर्धं होतं. रिपीटर कधीच अंधाऱ्या खोलीत लावायचा नसतो, तो अर्ध्या वाटेवर, जिथे अजून सिग्नल बरा आहे तिथे लावायचा. दुकानदार हे सांगत नाहीत.

कोलशेत_कट्टा

हॉलच्या वरच्या खोलीचं मी सांगतो. राउटरच्या दांड्या सगळ्या उभ्या असतील तर सिग्नल मेदूवड्यासारखा आडवा पसरतो, बाजूला भरपूर आणि बरोब्बर डोक्यावर भोक. एक अँटेना आडवी करून बघा. आणि डबी मीटरच्या पेटीला चिकटून आहे म्हणता, ते लोखंड एका बाजूचा सिग्नल खातंच. स्लॅबमध्ये सळयांची जाळी असते ती वेगळीच. शेजारून घेतलेल्या घराची भिंत पण विचारात घ्या, रो हाऊसच्या मधल्या भिंती पातळ पार्टिशनसारख्या नसतात. दारातून जेवढा सिग्नल जातो तेवढाच.

लोखंडी कपाट, मोठा आरसा, फिश टँक, पाण्याची टाकी यातलं काही वाटेत आहे का तेही बघा. पाणी २.४ चा सिग्नल चांगलाच शोषून घेतं.

घोडबंदरी

माझं मत सरळ आहे, तीन डब्यांचं मेश घ्या आणि विसरून जा. आमचा घोडबंदर रोडला ४ बीएचके आहे, लांबट फ्लॅट, मेश लावल्यापासून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फोनवर बोलत जा, काही तुटत नाही. एकच नाव, एकच पासवर्ड, ॲपवरून सेटिंग, बायकोलाही जमतं. वायर ओढणं वगैरे जुन्या जमान्याच्या गोष्टी झाल्या.

खटपट्या

@घोडबंदरी तुमचा फ्लॅट एकाच मजल्यावर आहे, आतल्या भिंती चार इंची, मधे दारं-पॅसेज. तिथे मेश चालणारच. पक्याभाऊंच्या घरात डब्या एकमेकींशी हवेतून बोलणार म्हणजे पुन्हा त्याच स्लॅबमधून आणि त्याच जाड भिंतीतून. मेश म्हणजे जादू नाही, तोही शेवटी शहाणा रिपीटरच. तीन रेडिओवाला असेल तर एक रेडिओ आपसात बोलायला राखून ठेवतो, बरा पडतो, पण महाग. ड्युअल बँडवाला (दोनच रेडिओ) घेऊन गच्चीपर्यंत दोन टप्पे केले तर वर काय उरेल बघा.

मेशला माझा विरोध नाही, मेशच्या डब्या मागून वायरने जोडा, मग बघा कसं पळतं. बहुतेक मेशमध्ये ती सोय असते, लोक वापरत नाहीत.

घोडबंदरी

वायरच टाकायची तर मग मेश कशाला, साधे राउटर लावा की.

खटपट्या

तेच तर म्हणतोय मघापासून!

ऐरोलीची_सई

भाड्याच्या घरात राहत असल्यामुळे मी दुसरा मार्ग वापरला, पॉवरलाइन अडॅप्टर. एक राउटरजवळच्या प्लगमध्ये, दुसरा लांबच्या खोलीत, नेट विजेच्या वायरमधून जातं. आधीच्या घरात छान चालायचं. आता ऐरोलीत आलो तिथे थ्री फेज आहे, हॉल एका फेजवर आणि बेडरूम दुसऱ्यावर, तर जेमतेम रडतखडत कनेक्ट होतं. एक्स्टेंशन बोर्डात लावलं तर अजूनच वाईट, थेट भिंतीतल्या प्लगमध्येच लावायचं. पक्यादादा, तुमच्याकडे तर दोन घरांचे दोन मीटर असतील ना? मग विसराच.

नेरुळचा_पक्या

हो सईताई, दोन मीटर आहेत अजून. म्हणजे तो रस्ता बंद. वायर टाकायची तर गच्चीवरून बाहेरच्या भिंतीने खाली सोडता येईल का? म्हणजे आत फोडाफोड नाही.

वायरवाला_कोपरखैरणे

पक्या साहेब बाहेरून नको. मी हेच काम करतो, वायरिंगचं, म्हणून सांगतो. पावसाळ्यात जवळपास वीज पडली की बाहेरच्या तांब्याच्या वायरमध्ये झटका येतो आणि दोन्ही टोकांचे पोर्ट जातात, प्रत्येक पावसाळ्यात असे राउटर बघतो मी. उन्हाने साधी वायर दोन-तीन वर्षांत तडकते ते वेगळं. बाहेरून न्यायचीच असेल तर फायबर न्या, काचेला विजेचं काही नाही.

पण तुमच्या घरात जुनी केबल टीव्हीची वायर असेल ना? सिडकोच्या बहुतेक घरांत लोकांनी नंतर डिशची वायर गच्चीवरून खाली खोल्यांत घेतलेली असते, कुणी पाइपमधून कुणी पट्टीतून. ती आता कुणी वापरत नाही. त्या जुन्या वायरच्या टोकाला नवीन कॅट ६ (नेटची तांब्याची वायर) बांधायची, टेप घट्ट गुंडाळायची, एकाने वरून ओढायची दुसऱ्याने खालून सोडायची. जुनी बाहेर, नवीन आत, भिंतीला हात लागत नाही. फक्त आधी जुनी वायर हलतेय का बघा, मधे कुठे प्लास्टरमध्ये अडकली असेल तर जोर करू नका.

लाईटच्या वायरच्या पाइपमधून मात्र नेटची वायर घालायची नाही. कुणी इलेक्ट्रिशियन म्हणेल काय होत नाय, तर त्याला नको म्हणा.

कोलशेत_कट्टा

@वायरवाला जबरी आयडिया. जाता जाता, कॅट ६ घेताना शुद्ध तांब्याचीच घ्यावी ना? ऑनलाइन फार स्वस्तात मिळतात त्या कसल्या असतात?

वायरवाला_कोपरखैरणे

त्या सीसीए, आत ॲल्युमिनियम वरून तांब्याचा मुलामा. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. वजनाला हलकी लागते, चाकूने खरवडलं की आत पांढरं दिसतं. वाकवली की तुटते, त्यावरून पॉवर दिली तर गरम होते. अख्खं खोकं ३०५ मीटरचं येतं, तुम्हाला एवढं नको, सुटी मीटरवर देणारे दुकानदार आहेत, लॅमिंग्टन रोडला तर कुणीही देईल. घरातल्या अंतराला कॅट ५ई सुद्धा पुरते, १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस जातं त्यातून, पण ओढायचे कष्ट तेवढेच तर कॅट ६ टाका. आणि एका जागी एक वायर लागत असेल तर दोन टाका. पुढे सीसीटीव्ही म्हणाल, टीव्ही म्हणाल, तेव्हा परत मलाच बोलवाल 😀

नेरुळचा_पक्या

काका, केबल टीव्हीची वायर आहे! हॉलमधून जिन्याने वर जाते, आणि गच्चीवरून पलीकडच्या घरात खाली येते. हलतेय सुद्धा. रविवारी भाऊ आणि मी बसतो. आता टोकाला काय लावू सांगा, आणि डबी हॉलमध्येच ठेवू का?

खटपट्या

डबी तिथेच राहू द्या, फक्त चपलांच्या वरून उचलून मीटरपासून चार हात लांब आणि डोक्याच्या उंचीवर घ्या. बायकोच्या खोलीबाहेर पॅसेजमध्ये छताला एक ॲक्सेस पॉइंट (वायरने आलेलं नेट तिथे वायफायवर देणारी डबी) लावा, पीओईवाला, म्हणजे त्याच वायरमधून वीजही जाते, वर प्लग शोधायला नको. पीओईचं घेताना दोन्हीकडे ८०२.३एएफ हे स्टँडर्ड लिहिलंय ना ते बघा, काही स्वस्त डब्या २४ व्होल्टवर चालतात आणि त्यांचं इतरांशी जमत नाही. अजून एक फायदा म्हणजे खाली पीओई स्विच (वायरमध्ये नेटबरोबर वीज सोडणारी डबी) आणि फायबरची डबी इन्व्हर्टरवर टाकली की लाईट गेले तरी वरचं वायफाय चालू.

गच्चीच्या खोलीला नवीन काही नको, घरात जुना राउटर पडलेला असेलच. त्याला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका. मोड नसेल तर त्याचा आयपी (नेटवर्कमधला पत्ता) बदलून १९२.१६८.१.२ वगैरे करा (मुख्य डबी १९२.१६८.१.१ वर असेल तर), डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना आयपी वाटून देणारी सोय) बंद करा आणि वायर वॅनच्या (बाहेरून नेट घेणाऱ्या) पोर्टात न घालता लॅनच्या पोर्टात घाला. डीएचसीपी दोघांचंही चालू राहिलं तर घरात कुणाला नेट मिळेल कुणाला नाही, आणि शोधताना डोकं फिरेल.

नाव, पासवर्ड, सिक्युरिटीचा प्रकार तिन्हीकडे तंतोतंत सारखं. चॅनेल मात्र वेगळे, २.४ वर १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत, तुमच्याकडे डब्या पण तीनच, वाटून टाका. आणि २.४ ची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा, रो हाऊसच्या रांगेत शेजाऱ्यांचे डझनभर वायफाय असतात, ४० केलं की सगळ्यांच्या पायात पाय.

चहाबिस्किट

वाचनखूण साठवली. खटपट्या, तुम्ही व्हिजिटचे पैसे घेता का?

नेरुळचा_पक्या

अपडेट. वायर ओढली. जिन्याच्या वळणावर अडकली होती, थोडी शिवणयंत्राच्या तेलाची मदत घेतली. रंगाला एक ओरखडा नाही त्यामुळे बाबा खूश. बायकोच्या खोलीत आता ५ वर उणे ५२! गच्चीवर पण बरंय.

पण एक शंका, पॅसेजवाल्या ॲक्सेस पॉइंटवर स्पीड नेहमी ९४ च येतो. सकाळ, रात्र, कधीही, ९३-९४. हॉलमध्ये डबीजवळ १९५ वगैरे येतो.

वायरवाला_कोपरखैरणे

९४ म्हणजे वायर १०० एमबीपीएसवरच जोडली गेली. कॅट ६ मध्ये ८ तारा, शंभरला ४ पुरतात, हजारला आठही लागतात. एखादी तार जॅकमध्ये नीट बसली नसणार. दोन्ही टोकं परत कापून क्रिंप करा (जॅक दाबून बसवा), रंगांचा क्रम दोन्हीकडे एकच: नारंगी-पांढरी, नारंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. टेस्टर असेल तर आठही दिवे एकामागोमाग लागायला पाहिजेत.

खटपट्या

आणि पीओई स्विच गिगाबिट (हजारवाला) आहे ना तेही बघा. सीसीटीव्हीसाठी विकतात ते बरेचसे १०० चेच असतात.

नेरुळचा_पक्या

स्विच गिगाबिट आहे. तपकिरी तार बसली नव्हती, कोपऱ्यावरच्या दुकानातल्या पोराकडून परत क्रिंप करून घेतली. १९० आले!!! वायरवाले काका, चहा आमच्याकडे.

आता शेवटचं. हॉलमधून बायकोच्या खोलीत गेलं की माझा फोन हॉलच्याच वायफायला चिकटून राहतो, बंद करून चालू केला की मग जवळचं पकडतो. बायकोचा आयफोन आपोआप पकडतो.

खटपट्या

कुठलं पकडायचं ते फोन ठरवतो, राउटर नाही. तुमचा फोन चिवट आहे. हॉलच्या डबीची २.४ ची ट्रान्समिट पॉवर 'हाय' वरून 'मीडियम' किंवा 'लो' करा, म्हणजे पलीकडे जाताना तिचा सिग्नल लवकर पडेल आणि फोन नवीन शोधेल. लोक उलटं करतात, सगळीकडे फुल ठेवतात. ॲक्सेस पॉइंटच्या सेटिंगमध्ये ८०२.११ के आणि व्ही असे पर्याय (फोनला जवळची डबी शोधायला मदत करणारे) दिसले तर चालू करा. ८०२.११ आर मात्र सांभाळून, जुने प्रिंटर आणि स्मार्ट प्लग त्याने कधीकधी जोडलेच जात नाहीत.

ऐरोलीची_सई

आणि पक्यादादा, आईंच्या फोनवर वायफाय कॉलिंग चालू करा, मागच्या स्वयंपाकघरात मोबाईलची रेंज नसली तरी फोन वायफायवरून येतो. बहुतेक फोनवर ओटीपीचे मेसेजही येतात. सेटिंगमध्ये सिमच्या पर्यायांत असतं.

नेरुळचा_पक्या

सईताई, हे कुणी सांगितलंच नव्हतं! केलं चालू. आईला आत्ता माझ्या मावशीचा फोन आला, गेला अर्धा तास चालू आहे.

पाचपाखाडी_परी

उशिरा आले धाग्यावर. आमचा जुना फ्लॅट आहे, एकच मजला, पण फायबर बाल्कनीत संपवलीय. वायर वगैरे ओढण्यापेक्षा ती फायबरच आत मधल्या पॅसेजमध्ये सरकवून मिळते का?

वायरवाला_कोपरखैरणे

मिळते ताई. कंपनीच्या माणसाला सांगा, तो नवीन तुकडा जोडून आत आणून देतो, थोडे पैसे घेईल. स्वतः ओढू नका, आत काच आहे, काटकोनात दुमडली की डबीवर 'लॉस'चा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागतो आणि मग त्याचीच वाट बघत बसा. पॅसेजमध्ये प्लग आहे का ते आधी बघून ठेवा, नाहीतर तो माणूस परत बाल्कनीतच लावून जाईल.